मागून आलेल्याचं नाव

चमचा ताटलीच्या तळाला खर्रकन घासला आणि टेबलाभोवतीची शांतता मोडली.

आजोबा जेवताना बोलत नसत. दर रविवारी दुपारी ते नातीला भेटायला यायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, खिडकीकडच्या खुर्चीवर बसायचे आणि मान खाली घालून जेवायचे. त्यांच्यासमोर बाकीच्यांचीही बोलायची छाती व्हायची नाही. ताटली रिकामी झाल्याचा आवाज म्हणजे शाळा सुटल्याची घंटा.

आज ती घंटा दुसऱ्यांदा झाली होती. म्हणजे आजोबांनी पुन्हा मागून घेतलं होतं आणि तेही पुसून खाल्लं होतं.

"हात बसला हं तुमचा, ताई," ते म्हणाले. "खिमा असा व्हायला पाहिजे."

तिने नुसती मान हलवली. सर्दीने सकाळपासून नाक चोंदलं होतं. आपण काय केलं नि ते कसं झालं, हे कळायला तिला ना वास होता ना चव. पण कौतुक ऐकायला नाक कशाला लागतं? तिला आतून गुदगुल्या झाल्या. इतक्या रविवारांत आजोबांनी तिच्या स्वयंपाकाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि वाईटही नाही. सगळ्यांत कठीण ते हेच.

कारण आजोबा तिचे कुणी नव्हते. ते तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचे वडील. त्यांची एकुलती एक लेक आजारपणात गेली, तेव्हा नात जेमतेम दुडुदुडु धावायला लागली होती. पुढे जावयाने दुसरं लग्न करायचं ठरवलं, तर आजोबांनी हूं की चूं केलं नाही. लग्नाला आले, मागच्या रांगेत बसले, निघताना जावयाच्या पाठीवर हात ठेवून गेले. नव्या नवरीला मात्र तेव्हापासून ते ताई म्हणत आले होते. त्यांचं मटणाचं दुकान होतं, आणि दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला ते ताईच म्हणत.

"चव जाईल कुठे? माल कुणाचा?" आजोबा खुर्चीत मागे रेलले. "गुरुवारी त्या सुनावणीत हेच सांगणार आहे. म्हणावं, माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि दोन वाट्या समोर ठेवा. एका घासात सांगतो, खरा कुठला आणि वाटाण्याचा कुठला."

नवऱ्याने तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. "शत्रूच्या छावणीत बसून बेत सांगताय हं तुम्ही."

"नोकरी आहे ती त्यांची. त्यात शत्रू कसला?" आजोबा म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

ती ज्या कंपनीत होती, तिथे वाटाणे आणि सोयाबीनपासून खिमा करत. सॉसेजही करत, पण खिमा जास्त खपायचा. मटणविक्रेत्यांच्या संघटनेने तक्रार केली होती, की ज्यात मांसाचा कणही नाही त्याला मांसाची नावं लावू नका. तसा नियम करायचा की नाही, हे ठरवायला गुरुवारी सरकारी कचेरीत सुनावणी होती. संघटनेकडून बोलायला सगळ्यांत जुना दुकानदार म्हणून आजोबा जाणार होते. कंपनीकडून वकील आणि तिच्या वरिष्ठ मॅडम, आणि चवीबद्दल काही विचारलं तर असावी म्हणून ती.

"आई, मला पण अजून!" पोरीने ताटली पुढे केली. तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी तिचा पाय ठरायचाच नाही.

आजोबांनी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता, तरी त्यांनी तो तोंडाला लावला. भिंगरीच्या तोंडून 'आई' निघालं, की त्यांचं हे असं काहीतरी व्हायचं. पेला, चष्मा, खिडकीबाहेरचं काहीतरी.

'आई'ची गोष्ट तशी अलीकडचीच. आधी कितीतरी महिने भिंगरी तिला काहीच म्हणायची नाही. हवं असेल ते घेऊन समोर येऊन उभी राहायची. फणी घेऊन, बुटाचा बंद घेऊन. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि एक दिवस न्हाणीघरातून आरोळी आली, "आई, टॉवेल!" ती धावली ती इतकी, की दाराच्या चौकटीवर अंगठा आपटला. टॉवेल दिला, बाहेर आली आणि अंगठा धरून खाली बसली. डोळ्यांतून पाणी का येतंय, ते कुणी विचारलं असतं तर सांगायला अंगठा होताच. तेव्हापासून तो शब्द ती फुंकून फुंकून वापरत होती. स्वतःहून कधी 'ये आईकडे' म्हणाली नाही. मागितला तर हातातून जायचा, अशी भीती.

आणि आजोबांनी एकदा तरी तो शब्द पेल्याआड न जाता ऐकावा, एवढंच तिला हवं होतं.

सोमवारी सकाळी तिने डब्यासाठी काही काढायला फ्रीजरचं दार उघडलं. मागच्या बाजूला, बर्फाच्या भुग्याखाली, पांढऱ्या कागदाची पुडी होती. दोऱ्याने बांधलेली, दोऱ्याला दोन गाठी. आजोबांच्या दुकानातल्या गाठी.

तिने पुडी बाहेर काढली आणि गाठी पुन्हा मोजल्या.

शनिवारी संध्याकाळी नवरा दुकानातून पुडी आणून फ्रीजरमध्ये टाकायचा. आजोबांच्या कागदावर कसलंही नाव नसे. 'माझ्या पुडीला पाटी कशाला?' असं ते म्हणत. आणि तिच्या कंपनीतले चाचणीचे नमुनेही कोऱ्या पांढऱ्या कागदातच असत, कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा. चाखणाऱ्या माणसाला आधी काही कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप. तिथे चवीच्या खोलीत तांबडा दिवासुद्धा असायचा, रंगावरून कुणी ओळखू नये म्हणून. उरलेले नमुने घरी न्यायला मुभा होती. काल सकाळी एका हाताने भिंगरीची वेणी धरून दुसऱ्या हाताने तिने पुढची पुडी ओढली होती आणि गोठलेला गोळा तसाच पातेल्यात टाकला होता. नाक धड असतं तर झाकण काढताक्षणी कळलं असतं. पण नाक कुठलं धड.

म्हणजे आजोबांनी दोनदा घेतलं ते वाटाण्याचं होतं.

नवरा वायरमन होता; पिशवीत पक्कड, टेस्टर भरत होता. ऐकलं आणि पोट धरून हसला. "सासरेबुवा! एका घासात सांगतो म्हणे!"

"हसू नका ना."

"मग रडू? अगं, विसरून जा. त्यांना कळलं नाही, आपण सांगायचं नाही. झालं."

"आणि गुरुवारी ते सगळ्यांसमोर म्हणतील, मला फसवून दाखवा. मी समोरच्या बाकावर बसलेली असणार."

नवऱ्याचं हसू हळूहळू उतरलं. "सांगितलंस तर त्यांना वाटेल, मुद्दाम केलंस. परीक्षा घेतलीस त्यांची. तुझी कंपनी, तुझा नमुना." तो थांबला. "रविवारी यायचे बंद होतील गं. भिंगरीच्या आईची तेवढीच एक खूण उरलीये इथे येणारी."

हे त्याने बोलायला नको होतं, पण खोटं नव्हतं. तिने पुडी परत ठेवली आणि दार लावलं.

कंपनीत दिवसभर तिच्या हातातून वाट्या निसटत होत्या. दुपारी मॅडमनी तिला बोलावून गुरुवारचं समजावलं. "आपलं म्हणणं सोपं आहे. गोंधळ कुणाचाच होत नाही. लोक वाचून घेतात, समजून घेतात. फसलेला एक माणूस त्यांनी आणून दाखवावा."

ती "हो मॅडम" म्हणाली. फसलेला माणूस कुठे राहतो ते तिला ठाऊक होतं. म्हणजे गप्प बसण्यात कंपनीचंही भलं होतं आणि आजोबांच्या अब्रूचंही. घरातलाही तोच सल्ला होता. सगळीकडून वाट मोकळी. तरी पाय उचलेना.

संध्याकाळी भिंगरीला शाळेतून घेऊन ती सरळ दुकानावर गेली.

दुकान लहानसंच, पण काचेसारखं लख्ख. आजोबा एका म्हाताऱ्या बाईला मांडीचा तुकडा दाखवत होते. उलटा करून, सुलटा करून, उजेडाकडे धरून. दाखवल्याशिवाय तोलायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला बघायलाच लावायचे.

"मागच्या खेपेला हाडंच हाडं घातलीस मेल्या," म्हातारी म्हणाली.

"मग काय माझी घातली, मावशी? बकऱ्याचीच होती ना?"

"तुझी घातली असतीस तर सूप तरी बरं झालं असतं. चांगली जाडजूड आहेत."

म्हातारी पिशवी हलवत गेली. भिंगरी पायरीवर मांजराशी बोलत बसली. आजोबांनी फळी पुसायला घेतली. "आज सोमवारी कुठे वाट चुकलात, ताई?"

"आजोबा, रविवारी तुम्ही जे खाल्लंत, ते तुमच्या दुकानातलं नव्हतं."

त्यांचा हात थांबला. "मग? त्या कोपऱ्यावरच्या लबाडाचं?"

"कुठल्याच दुकानातलं नव्हतं. आमच्या कंपनीतलं होतं. पुडी बदलली. मला सर्दी होती, मलाही कळलं नाही. आज सकाळी तुमची पुडी सापडली." तिने एका दमात सांगून टाकलं. "मुद्दाम नाही हो केलं. शप्पथ."

आजोबांनी सुरी उचलली. पुसलेलीच होती, पुन्हा पुसली. मग पात्याच्या दुसऱ्या बाजूने पुसली.

"दोनदा घेतलं मी."

"हो."

"आणि वर म्हणालो, माल कुणाचा."

बाहेर भिंगरी मांजराला दटावत होती.

"तुझ्या त्या मॅडमला सांगितलंस?"

"नाही."

"का? उड्या मारतील की. चांगली जाहिरात होईल." त्यांचा आवाज वर गेला नाही, गेला असता तर बरं झालं असतं. "आणि मला तरी कशाला सांगितलंस? गप्प बसली असतीस तर कुणाला कळणार होतं?"

"गुरुवारी तुम्ही छातीवर हात मारून बोलला असतात आणि मी खाली बघत बसले असते," ती म्हणाली. "मला नसतं जमलं ते."

त्यांनी सुरी फळीवर ठेवली. "घरी जा. पोरीला भूक लागली असेल," एवढंच म्हणाले.

रस्ता ओलांडेपर्यंत तिच्या लक्षात आलं नव्हतं. आज पहिल्यांदाच ते तिला अगंतुगं करून बोलले होते. रागाने की कशाने, याचा उलगडा होईना.

गुरुवारी शाळेला अर्धी सुट्टी निघाली, नवरा कुठल्याशा छतावर वायरी ओढत होता, शेजारणीच्या दाराला कुलूप. मग भिंगरीलाही सुनावणीला न्यावं लागलं. "तिथे बोलायचं नाही, धावायचं नाही," तिने बजावलं. "मग तिथे करतात काय?" भिंगरीने विचारलं. "भांडतात. पण बसून."

कचेरीतली खोली लांबट होती. एका बाजूला मटणविक्रेते, धुतल्या शर्टांत अवघडलेले. दुसऱ्या बाजूला कंपनीची माणसं, फायली आणि पाण्याच्या बाटल्यांसह. टेबलामागे अधिकारी बाई होत्या. त्या प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, त्यामुळे लोकांना मध्येच काय बोलायचं ते आठवेनासं व्हायचं.

आजोबांची पाळी आली. ते उभे राहिले. इस्त्रीची घडी मोडू नये तसे हात अंगापासून लांब धरले होते.

"मी सांगायला आलो होतो की खरा खिमा आणि यांचा खिमा, मी एका घासात ओळखतो," ते म्हणाले. "ते आता सांगत नाही. रविवारी मी यांचा खाल्ला. पुन्हा मागून. ओळखला नाही."

खोलीत हशा उसळला. संघटनेच्या सेक्रेटरीने कपाळाला हात लावला. "अहो, काय बोलताय काय! खाली बसा!"

"बोलू दे की. खरं बोलायलाच बोलावलंय ना?" आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "घरच्याच बाईच्या हातून दोन कोऱ्या पुड्यांची अदलाबदल झाली. चूक कळल्यावर तीच येऊन सांगून गेली. न सांगती, तर मी आज इथे छाती फुगवून खोटं बोललो असतो, आणि मला कळलंही नसतं की मी खोटं बोलतोय."

घरच्याच बाईच्या. तिने ते दोन शब्द पकडले आणि मुठीत ठेवल्यासारखे धरले. शेजारी मॅडम तिच्याकडे मान वळवून बघत होत्या. पोरीला आणलं होतं, आजोबा एकदाच वळून पोरीकडे बघून गेले होते. घरची बाई कोण, ते ओळखायला मॅडमना वेळ लागला नाही.

कंपनीचे वकील उठले. "आजोबा, त्या दोन्ही पुड्यांवर नाव नव्हतं, बरोबर? म्हणजे घोटाळा झाला तो नाव नसल्याने. आमच्या पाकिटावर तर ठसठशीत लिहिलेलं असतं, वनस्पती खिमा. मग हरकत कशाला?"

"सांगतो." आजोबांनी क्षणभर विचार केला. "माझ्या दुकानात मी तुकडा दाखवल्याशिवाय तोलत नाही. गिऱ्हाइकाला बघू देतो, बोट लावू देतो. पण खिमा? एकदा यंत्रातून निघाला की सगळं सारखं. काय घातलं, कुठलं घातलं, देव जाणे आणि मी जाणे. खिमा माणूस डोळ्यांनी घेत नाही वकीलसाहेब, माझ्या शब्दावर घेतो. ते नाव असं उभं राहिलंय. माझ्या बापाने, त्याच्या बापाने, एकेका गिऱ्हाइकापुढे उभं केलंय. यांनी काय केलं? आयतं उचललं आणि त्याच्याआधी 'वनस्पती' लावलं."

"पण चव चांगली होती, असं तुम्हीच म्हणता," अधिकारी बाई म्हणाल्या.

"होती ना. म्हणून तर म्हणतो. चांगलं आहे तर लपायचं कशाला? मागून आलेल्याने आपलं नाव घेऊन यावं. कष्ट करावेत, ते नाव लोकांच्या तोंडी बसवावं. जे आधी होतं त्याच्या नावावर येऊन बसायचं, त्याच्या जागेवर, त्याच्या ताटात, आणि मग म्हणायचं की मीच ते... आधीच्याने मग जायचं कुठे?"

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चिरकला. खिम्यासाठी एवढा चिरकावा, असा तो विषय नव्हता. ते थांबले. त्यांची नजर समोरच्या बाकावर गेली. भिंगरी बाकाच्या कडेला बसून, पाय हलवायचे थांबवून, आजोबांकडे एकटक बघत होती. आजोबांनी तोंड उघडलं, मिटलं. "झालं माझं," म्हणून ते मट्कन खाली बसले.

मग अधिकारी बाईंनी विचारलं, "कंपनीकडून चव बघणारं कुणी आलंय ना?"

ती उठली. मॅडम कुजबुजल्या, "फक्त गोंधळ होत नाही एवढंच सांगा." पण ते आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आमच्याकडे चाखायला एक बाई येतात," तिने सुरुवात केली. "त्यांच्या घरात मटण बंद झालंय. नवऱ्याच्या तब्येतीमुळे. त्या म्हणाल्या, दुकानात जाऊन मी मागू काय? वाटाण्याचा भुगा मागितला तर मला कळणार नाही त्याचं करायचं काय. खिमा म्हटलं की हाताला आपोआप कळतं, कांदा किती, आच किती, कुणाला किती वाढायचं." ती अडखळली. "नाव काय सांगतं? कशापासून झालं ते सांगतंच. पण घरात त्याचं काम काय, तेही सांगतं. आधीचं पुसायला नाही कुणी ते घेत. काम समोर पडलेलं असतं. ते करताना दुसरं नाव सुचतच नाही."

"म्हणजे खिमाच म्हणावं, असं तुमचं मत?" अधिकारी बाईंनी विचारलं.

तिने आजोबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

"मला वाटतं, लोकांना म्हणावंसं वाटलं तर म्हणू द्यावं," ती म्हणाली. "आपण पाकिटावर छापावं का... ते मला सांगता येत नाही."

ती बसली. वकिलांनी डोळे मिटून घेतले. अधिकारी बाईंनी दोन्ही बाजूंचे आभार मानले, निर्णय नंतर कळवू म्हणाल्या, आणि खुर्च्या सरकल्या.

जिन्यात मॅडमनी गाठलंच. "छान. तुमच्या आजोबांनी आमची बाजू खाल्ली, ती पण पुन्हा मागून. आणि उरलेली तुम्ही वाढलीत. उद्या बोलू आपण."

"हो मॅडम," ती म्हणाली. उद्याचं उद्या. आत्ता तिचं लक्ष खाली होतं. भिंगरी तिचा हात न धरता पुढे पुढे पायऱ्या उतरत चालली होती, कठड्याला घासून, एकेक.

दारापाशी आजोबा उभे होते. संघटनेची माणसं त्यांना टाळून चालली होती. भिंगरी बाहेरच्या नळावर पाणी प्यायला गेली तेवढ्यात ते पुढे झाले. बोलायला आले होते हे दिसत होतं. सदऱ्याचं एक बटण त्यांनी लावलं, काढलं.

"मी खिम्याबद्दल बोलत होतो हं," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"नाही, म्हणजे... फक्त खिम्याबद्दल."

"हो, आजोबा."

"पोरगी ऐकत होती?"

"कान आहेत तिला."

त्यांनी मान खाली घातली, जेवताना घालायचे तशीच. "तोंडातून निघून गेलं. बोलता बोलता मला माझी लेक दिसायला लागली. घरभर दिसते. तुझ्या... तुमच्या घरात रविवारी तिच्या खुर्चीसमोर बसतो मी, आणि..." पुढचं त्यांनी गिळलं. "तू वाईट नाहीस गं. वाईट असतीस तर सोपं गेलं असतं मला."

तिला खूप काही म्हणायचं होतं. ती म्हणाली, "रविवारी या. तुमचीच पुडी काढीन. दोन गाठींची. बघून."

"नाक बरं आहे?"

"बरं आहे."

ते किंचित हसले, आणि गर्दीत मिसळले.

घरी जाताना भिंगरी गप्प होती. एरवी रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याला ती नाव ठेवायची. आज कुत्री नुसतीच बाजूने गेली. एकदा बुटाचा बंद सुटला. भिंगरी थांबली, तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि पाय पुढे केला. काही म्हणाली नाही. तिने वाकून बंद बांधला. गाठ दोनदा चुकली. काय झालंय ते विचारावं, की आपोआप निवळू द्यावं? विचारलं तर उत्तर येईल, आणि आलेलं उत्तर परत पाठवता येत नाही. ती उठली आणि चालू लागली.

तिन्हीसांजेला ती दोरीवरचे कपडे काढून पलंगावर घड्या घालत बसली. भिंगरी मोज्यांच्या जोड्या लावायला आली. हे तिचं काम. एक निळा, दुसरा निळा. एक पिवळा, दुसरा सापडेना.

"आजोबा रागावलेत?" भिंगरीने मोजा हातावर चढवत विचारलं.

"तुझ्यावर? नाही गं राणी."

"तुझ्यावर?"

"थोडेसे होते. आता नाहीत."

भिंगरीने मोज्याच्या तोंडातून बोटं हलवली. मग हळूच, कपड्यांच्या ढिगाकडेच बघत म्हणाली, "ती होती ना... फोटोतली. तिला मी काय म्हणायचे?"

घडी हातातच राहिली. "आई म्हणायचीस."

"हळू, का मोठ्यांदा?"

"बाबा सांगतात, खूप मोठ्यांदा. खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. सगळ्या जिन्याला कळायचं, तू उठलीस ते."

"आणि ती यायची?"

"धावत यायची म्हणे. हातातलं टाकून."

भिंगरीने मान डोलावली, एखादी गोष्ट पक्की करून घ्यावी तशी. मोजा काढून तिने बाजूला ठेवला. सरकत सरकत जवळ आली आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकवून वर बघायला लागली. डोळ्यांत रुसवा नव्हता, रडू नव्हतं. खरंच विचारायचं होतं तिला, दिवसभर विचारायचं होतं.

"मग आता मी इथे आई म्हणून हाक मारते ना," ती म्हणाली, "तेव्हा तीपण वळून बघते का?"